मामलेदाराचा भाव

टॉवेल हलला तेव्हा मी मनात म्हटलं, बारा.

टॉवेलाखाली दोन हात होते. एक येताळा दलालाचा, दुसरा माझ्या दिराचा, बिराप्पा भाऊजींचा. आमच्याकडच्या मेंढरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलायचा नसतो. दलाल विकणाऱ्याचा हात टॉवेलाखाली धरतो आणि बोटं दाबून सांगतो. एक बोट दाबलं की एक हजार, अख्खा पंजा आवळला की पाच. बघणाऱ्याला दोन बाप्ये देवळात उभं राहिल्यासारखे गंभीर चेहरे करून उभे दिसतात, एवढंच.

मी त्या बाजारात सहा वर्षं नुसती उभी होते. दावं धरायला. नुसतं उभं राहणाऱ्याला दुसरं काम नसलं की तो शिकतो. पंजा आवळताना दलालाचं कोपर खाली जातं. बोट दाबताना नुसतं मनगट वळतं. त्या शुक्रवारी येताळाचं कोपर दोनदा खाली गेलं आणि मनगट दोनदा वळलं.

बारा हजार. माझ्या मामलेदाराचे.

मामलेदार म्हणजे आमचा नर. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, लोंबते कान आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. ते नाक वर करून तो माणसाकडे असा बघायचा की समोरच्यानं उगीच खिशातला अर्ज चाचपावा. तीन हाका मारल्याशिवाय उठायचा नाही. नाव मीच ठेवलं होतं.

त्याला विकायचा ठराव घरात झाला होता. ठराव आत्यांचा. आत्या म्हणजे माझी सासू आणि माझ्या बापाची सख्खी बहीण, त्यामुळे मला बोलायचा हक्क त्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी होता. नवरा, आमसिद्ध, बोअरच्या गाडीवर कर्नाटकात कुठंतरी जमिनीला भोकं पाडत फिरायचा. वर्षातून दोनदा घरी. बिराप्पा भाऊजींना भाड्यानं माणसं वाहायला वडापची जीप घ्यायची होती. आधी नर विकायचा, मग बावीस मेंढ्या, मग जीप. आणि मी? मी द्राक्षबागेत विरळणीला रोजानं जायचं. हे मला कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं, तेही मी भाकरी थापत असताना, पाठीमागून.

आमच्या वाडीत दहावी पास झालेली सून मी एकटीच. त्या दहावीचा घराला उपयोग एकच झाला, रेशनच्या दुकानात अंगठ्याऐवजी सही. उरलेली दहावी मी मेंढरांवर खर्च केली. एक वही होती माझी. कुठली मेंढी कुठल्या नराला लागली, पिलू किती वजनाचं पडलं, तीन महिन्यांत कितीवर गेलं, कुणाचे पाय वाकडे निघाले. वाकड्या पायाचं पिलू कितीही देखणं असलं तरी मी कळपात ठेवत नसे. आत्या म्हणायच्या, "पोरगी मेंढरांची सोयरीक जुळवतीया." जुळवतच होते. तीन पिढ्या जुळवल्या तेव्हा कुठं मामलेदार पडला.

आणि त्याचे बारा.

बिराप्पा भाऊजी वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं. वाईट माणूस निदान घासाघीस तरी करतो. त्यांनी मान हलवली. येताळानं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि कमरेच्या पिशवीतून भंडाऱ्याची चिमूट काढली. जनावराच्या कपाळाला भंडारा लागला की सौदा झाला. मग खुद्द बिरोबा खाली उतरला तरी फिरत नाही.

मी काय करतेय हे मला कळायच्या आत माझा तळहात मामलेदाराच्या कपाळावर होता. भंडारा माझ्या हातावर पडला.

"सूनबाई, हात काढ," येताळा म्हणाला.

"काढते मामा. भाव किती झाला?"

"तुझ्या दिराला म्हाईत हाय की."

"दिराला म्हाईत हाय ते बारा. मी नराचा भाव इचारतीया."

आजूबाजूची चार माणसं गप्प झाली, म्हणून पलीकडची आठ माणसं काय झालं ते बघायला वळली. टॉवेलाखालचा आकडा बाजारात मोठ्यानं बोलणं म्हणजे भर पंगतीत यजमानाच्या घरची शिळी भाजी उघडी करण्यासारखं. येताळाचा चेहरा काळवंडला.

"कुनी सांगितलं तुला?"

"तुमच्या कोपरानं."

मोठ्यानं हसला तो गिऱ्हाईकच. नदीकाठचे बागायतदार, नानासाहेब काशीद. पांढरी विजार, पांढरा शर्ट, दातात काडी. ऊस त्यांचा पोटापाण्याचा आणि मेंढीचे नर हौसेचे. असं ते स्वतःच सांगायचे. "येताळा," ते म्हणाले, "आता अंगरखा जरा ढगळ शिव बाबा."

"वैनी, काय हे," भाऊजी कुजबुजले. "चारचौघांत."

"चारचौघांतच इकताय न्हवं?"

येताळा सत्तरीला टेकलेला माणूस. त्यानं आवाज चढवला नाही, हे मी त्याच्या जमेला धरते. "हे बघ पोरी, भाव बोलायचा तर टॉवेलाखाली. तोंडानं न्हाई. माझ्या बापाच्या आधीपास्नं हाय हे."

"मग मला घ्या की टॉवेलाखाली."

आता मात्र गलका झाला. कुणी 'आरं तिच्या' म्हणालं, कुणी नुसतं खाकरलं. मुंडाशातला एक लांबचा सासरा लागणारा माणूस पुढं झाला. "परक्या बाप्याच्या हातात हात देनार व्हय गं? घरचं कुनी हाय का न्हाई तुला?"

"हायत की. हे काय, उभं हायत." मी भाऊजींकडे बोट केलं. "मामा, गेल्या शुक्रवारी ह्याच बाजारात, त्या लिंबाखाली, कासारानं बांगड्या भरायला माझा हात धरला. अर्धा तास. बोटं दाबली, अंगठा मुरगाळला, मी वरडले तरी सोडला न्हाई. भाऊजी शेजारी बिडी वढत बसलं हुतं. तुमी सुदिक तिथनं गेलासा. तवा कुनाची अब्रू गेली न्हाई. कासाराला चालतंय, मग येताळा मामास्नी का चालत न्हाई? मामांचं वय तर कासाराच्या दुप्पट हाय."

"तिप्पट!" गर्दीतून कुणीतरी दुरुस्ती केली.

हशा पिकला, आणि हशा पिकला की बाजार ऐकून घेतो. नानासाहेब काडी दुसऱ्या गालाकडे सरकवत म्हणाले, "होऊ दे येताळा. बाईंचा हात काय म्हणतो बघू तरी."

येताळानं आभाळाकडे बघितलं, टॉवेल माझ्या मनगटावर टाकला आणि खाली हात घातला. खारकेसारखा सुकलेला, खडबडीत हात. तीनदा पंजा आवळला. पंधरा. टॉवेल झटकायच्या आत तीन हजार वाढले होते. कशासाठी, तर हात बदलला म्हणून.

मी मान हलवली नाही. "मामा, एक बोट दहाचं धरा," मी म्हटलं, आणि त्याची चार बोटं धरून दाबली.

चाळीस. हा आकडा मी कुठून आणला? खरं सांगते, भीतीच्या शेवटच्या टोकावरून आणला. त्याच्यापलीकडे मला मोजताच येत नव्हतं. आमच्या वाडीत चाळीस हजार एका जागी फक्त लग्नात दिसायचे, तेही मुलीच्या बापाच्या तोंडावर.

येताळाच्या भुवया मुंडाशात गेल्या. पण दलाल तो दलाल. तो तसाच टॉवेल घेऊन नानासाहेबांकडे गेला, त्यांचा हात धरला, मनगट चारदा वळलं.

"दिले," नानासाहेब म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या कानात आकडा सांगितला. ते खाली बसले. चक्कर आली म्हणून नाही. उभं राहायचं काही कारण उरलं नाही असे बसले.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पण तो टिकला नाही, कारण 'दिले' म्हणायला नानासाहेबांना किती वेळ लागला ते मी बघितलं होतं. माणसाला शिंक यायला त्याहून जास्त वेळ लागतो. भाव बरोबर असला की गिऱ्हाईक कुरकुरतं, जनावराच्या दातांना नावं ठेवतं, दोन पावलं चालून परत येतं. गप्प कधी राहतं? स्वस्तात पडलं की.

येताळा पुन्हा भंडाऱ्याच्या पिशवीत हात घालत होता. मी मामलेदाराच्या गळ्यातलं दावं सोडायचं सोंग केलं आणि गाठ जरा जास्त वेळ सोडत राहिले.

"नानासाहेब, नीट सांभाळा हां त्याला. एकटा ऱ्हायला न्हाई कधी."

"एकटा कुठला?" नानासाहेब खुशीत होते. पैसेवाल्याला पैशाचं गुपित ठेवता येतं, मोठेपणाचं ठेवता येत नाही. "त्याचे तीन भाऊ आहेत आमच्याकडे. तुम्ही मास्तरला दिलेला माझ्याकडेच आला. माझ्या मेव्हण्यानं नेला तोही. गेल्या वर्षीचा तिसरा. त्या उजव्या डोळ्यावर डाग असलेल्या मेंढीचेच ना सगळे? ओळखलं मी! तिघांचं नाक हे असं." त्यांनी स्वतःच्या नाकावरून बोट फिरवून दाखवलं. "दिवाळीत थोरल्याचं एक पिलू सोलापूरकडच्या माणसानं पंचवीसला नेलं. पिलू हो! तीन महिन्यांचं."

मग त्यांनी खाली वाकून भाऊजींच्या खांद्यावर थाप मारली. "बिराप्पाची नजर आहे, बरं का. अख्ख्या तालुक्यात असा पारखी नाही."

मी भाऊजींकडे बघितलं. पारखी जमिनीवरची काडी उचलून मोडत होता. पुन्हा मोडत होता. वर बघत नव्हता.

ते तीन नर आम्ही आठ, नऊ आणि अकराला दिले होते. आकडा मला नेहमी घरी आल्यावर कळायचा, चुलीपुढं, आत्यांच्या तोंडून. आणि मी म्हणायचे, बरं झालं. तीनदा म्हटलं होतं मी, बरं झालं.

"मामा," मी म्हटलं, "भंडारा पिशवीत ठेवा. नर इकायचा न्हाई."

यानंतर जे झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही, निम्म्या शिव्या तर मला नव्यानंच कळल्या. मुंडाशातल्या सासऱ्याला हवं ते मिळालं होतं. "बघितलं? शबूद फिरीवला! बाईचा सौदा ह्यो असा!"

"मामंजी, गेल्या महिन्यात तुमी बोकडाचा सौदा हात देऊन मोडला. तवा काय म्हनली लोकं? सौदा फिसकटला. मी मोडला की शबूद फिरला व्हय?"

"पन्नास," नानासाहेब म्हणाले. टॉवेलाखाली नाही, तोंडानं, सगळ्यांसमोर. पन्नास म्हणताना काडी दातातून खाली पडली तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"न्हाई."

"बाई, तुम्हाला हवंय तरी किती?"

"ते मला अजून कळलेलं न्हाई," मी म्हटलं. "पर तुमाला कळलंय. म्हनूनच तुमाला देत न्हाई."

नानासाहेब हसले नाहीत. माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. मघापर्यंत ते दावं धरणाऱ्या हाताशी बोलत होते.

येताळानं टॉवेलाची घडी घातली. चार पदरी, हळूहळू. "हात देऊन सौदा मोडलास. रिवाज म्हाईत हाय न्हवं? दलाली लागती."

"किती?"

"तीनशे."

माझ्या कमरेच्या पिशवीत तीनशे वीस होते. आठवड्याचा बाजार. तेल, मिरची, डाळ, आत्यांची तंबाखू. मी तीनशे मोजून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते पुन्हा मोजले, डोळ्याला लावले आणि इकडेतिकडे बघून हलकेच म्हणाला, "पोरी, पुढल्या येळंला येशील तवा टॉवेल तुझा घिऊन ये. माझा लई फाटलाय."

हे त्यानं रागानं म्हटलं की कसं, मी आजवर ठरवलेलं नाही.

बाजारातून आमची वाडी सहा कोस. येताना मामलेदार पुढं, मी मागं, आणि माझ्या बऱ्याच मागं भाऊजी. ओढा ओलांडल्यावर भाऊजींनी पावलं उचलून मला गाठलं.

"आईला काय सांगायचं?" अखेर ते म्हणाले.

"खरं सांगा. वैनीनं इकला न्हाई."

"पन्नास हजार, वैनी!" त्यांचा आवाज फुटला. "जीप दारात आली असती."

"तुमी बाराला देत हुता. त्या हिशेबानं जीपचं एक चाक आलं असतं, दुसरं न्हाई."

त्यांनी पायाखालचा दगड लाथाडला. मग म्हणाले, "मला बारा बी लई वाटलं हुतं. पंधरा म्हनावं असं मनात आलं. तोंडात आलं न्हाई."

"का?"

"सौद्याच्या आधी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काय बिराप्पा, बरं हायस का, म्हनले. नावानं हाक मारली हो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांच्या खांद्याची किंमत त्यांना ठाऊक नव्हती, माझ्या वहीची मला ठाऊक नव्हती. दोघंही एकाच बाजारातून रिकाम्या पिशवीनं चाललो होतो. मी मामलेदाराला हाक मारली. तो थांबला नाही.

"नजर माझी न्हाई, हे मी तिथं बोलायला पायजे हुतं," भाऊजी म्हणाले.

"पायजे हुतं."

"उद्या बोलतो."

"कुनाला? आत्यास्नी बोला. आदी तिथंच लागंल."

आत्या उंबऱ्यावरच बसल्या होत्या. नर दारात बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि माझी पिशवी रिकामी बघून दुसरी. भाऊजींनी सगळं सांगितलं. बारापासून पन्नासपर्यंत, कोपर, कासार, दलाली, काही सोडलं नाही. नजर आपली नाही, तेही सांगितलं. पण ते पन्नासच्या नंतर आल्यामुळे आत्यांच्या कानात शिरलं नसावं.

"पन्नास हजार लाथाडून आलीस?" त्या म्हणाल्या. "आन् वर तीनशे देऊन आलीस? कुनाच्या बापाचा नर गं त्यो?"

"तुमच्या भावाच्या लेकीचा," मी म्हटलं.

त्या उठल्या. मला वाटलं मारतात. त्यांनी मारलं नाही, हातातलं सूप ठेवलं. सूप ठेवून बोलायला लागल्या की ते जास्त लागायचं. निलव्वा, तू शिकलीस तेच चुकलं. निलव्वा, भावानं पदरात निखारा टाकला. मी सगळं ऐकलं. मग वही आणली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी उघडून पुढं धरली.

"आत्या, हे सहा वर्षांचं हाय. ह्यातली तीन पानं तुमी अठ्ठावीस हजाराला इकली. त्या मानसानं त्या तीन पानांवर वाडा बांधलाय. मला होळीपातूर द्या. होळीपातूर ह्या नरानं जीपचं पैसं काडलं न्हाईत, तर बावीसच्या बावीस मेंढरं मी स्वता हाकत बाजारात नेते आन् दुसऱ्या दिवशी द्राक्षाच्या बागंत जाते. भाकरी बांधून. कुनी सांगायला नको."

"आन् कशानं काडनार? नर काय अंडी घालतो?"

"ते बघते मी."

मी बघणार होते म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी कालवणाला तेल नव्हतं, मिरची नव्हती. तिघांनी मीठ-भाकरी खाल्ली, आणि त्या मिठाकडे आत्या माझ्याकडे बघावं तशा बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेंढरं सोडायला निघाले तर वाडीच्या वळणावर टेम्पो. पुढं नानासाहेबांची जीप. टेम्पोत पाच मेंढ्या, निवडक, अंग भरलेल्या. नानासाहेब दाराशी थांबले, उतरले, आत्यांना नमस्कार केला. आत्यांनी पदर सारखा केला. जीपवाला माणूस आमच्या दारात तोवर फक्त मतं मागायला आला होता.

"तुमचं बरोबर आहे बाई," नानासाहेब म्हणाले. "असला नर मीही विकला नसता. विकू नका. पाच मेंढ्या आणल्यात, त्यांना नर लावून द्या. पंधरा दिवस इथं राहू देत, चारा मी पाठवतो."

"लावते की. मेंढीला हजार."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. "हजार कसले?"

"नर लावायचे."

"अहो बाई, नराचे पैसे कुणी घेतं का?" त्यांनी आत्यांकडे बघितलं. "आजी, तुम्ही सांगा. नर म्हणजे देवाचं देणं. नारळ द्यायचा, भंडारा उधळायचा. बापजाद्यांपासून हेच आहे."

"व्हय, तसंच हाय," आत्या म्हणाल्या. आणि तसंच होतं. आमच्याकडे विहिरीच्या पाण्याचे आणि नराचे पैसे घेत नसत. आत्यांना लाज वाटली असावी, हेही मी समजू शकते.

"त्या देवाच्या देन्याचं पिलू तुमी पंचवीसला इकलं," मी म्हटलं. "देवाला त्यातला नारळ दिला का?"

नानासाहेबांचे कान लाल झाले. पण माणूस व्यवहारी होता. "बरं. पाचशे."

"हजार. आन् कागूद. पिलू कुठंबी इका, पर ह्या नराचं हाय आन् नर निलव्वा बंडगरचा हाय, असं लिहून द्यायचं."

"कागद देतो. सातशे. रोख, आत्ता."

पाच मेंढ्यांचे साडेतीन हजार. रोख. त्यांनी खिशातून नोटा काढून हातात धरल्या. आत्यांनी माझ्या दंडाला मागून चिमटा काढला. "घे की गं," दातांतल्या दातांत. "नरानं काय पदरचं खाल्लंय? घे!" भाऊजी गोठ्याच्या दारात उभे होते, त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडून म्हणाले, "वैनी सांगतील ते."

एवढं एकच वाक्य. पण आमच्या दारात ते पहिल्यांदा बोललं गेलं.

"हजार," मी म्हटलं.

"बाई, मी इथं भीक मागायला आलेलो नाही," नानासाहेब म्हणाले. "बावीस कोसांवरून आलोय. तालुक्यात दुसरे नर आहेत."

"हायत की. तुमच्याकडंच तीन हायत."

त्यांनी नोटा खिशात घातल्या. ड्रायव्हरला खूण केली. टेम्पोनं मागं-पुढं करत आमच्या अंगणात वळण घेतलं, एक कोंबडी वाचली, आणि पाची मेंढ्या आमच्याकडे बघत बघत वळणाआड गेल्या. पाठोपाठ जीप.

मी छातीवर हात ठेवून बघितलं. काल चाळीसला 'दिले' ऐकलं तेव्हा छाती भात्यासारखी उडत होती. आज 'नाही' ऐकून काहीच होत नव्हतं. मी वाट बघितली. तरी नाही झालं. तेव्हा मला वाटलं, हजार हा माझा भाव आहे. चाळीस नव्हता.

आत्या धुळीकडे बघत होत्या. मी आता बोलणी खायची तयारी केली. भाऊजी आधीच गोठ्यात सरकले होते.

"टेम्पो भाड्याचा हुता," आत्या म्हणाल्या.

"व्हय?"

"ड्रायवर वळखला न्हाईस? बाजाराच्या गावचा हाय. म्हंजे ह्यो कालच्याला घरी गेलाच न्हाई. रातभर तिथंच ऱ्हायला, मेंढ्या गोळा केल्या, भाडं भरलं, आन् दिस उगवायला दारात." त्यांनी कनवटीची तंबाखू चाचपली. नव्हती. काल मीच आणली नव्हती. तरी त्या चुना मळल्यासारखा तळहातावर अंगठा मळत राहिल्या. "भाडं भरून आलेला मानूस रिकामा गेला. रागानं गेला."

"गेला तर गेला, आत्या."

"गप. रागानं गेलेला मानूस म्हंजे निम्मा सौदा." त्या उठल्या, पदर खोचला, आणि मेंढरांच्या पाण्याची घागर स्वतः उचलली. दोन पावलं गेल्यावर मागं न वळता म्हणाल्या,

"आला की बाराशे सांग."